किती वर्षांची?

मामांनी पेला नाकापाशी नेला, हुंगल्यासारखं केलं आणि तीस वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या आवाजात विचारलं, "किती वर्षांची?"

"बाटलीवर लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे लपवलंय." पेला खाली. प्रकरण नामंजूर.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. मडगावच्या घरात टेबलावर तळाला गेलेला चकल्यांचा डबा होता आणि शेजारी माझ्या पाच बाटल्या. पाचही पॉल जॉन या नावाच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या, म्हणजे या टेबलापासून पंधराएक किलोमीटरवर कुंकळ्ळीत गाळलेल्या. मामांच्या काचेच्या कपाटात मात्र एकच बाटली मानाने उभी होती. जावयाने विमानतळावरून आणलेली ग्लेनफिडिच. तिच्यावर ठळक आकडा होता, 12. नात्यातल्या एखाद्या मुलाचा मेरिटमधला क्रमांक सांगावा तसा मामा तो आकडा पाहुण्यांना सांगत.

त्यांचा प्रश्न काही वावगा नव्हता. व्हिस्कीच्या दुकानात सगळे तोच विचारतात आणि किंमतही त्याच शिडीने चढते, 12, 15, 18, 21. पण कुंकळ्ळीच्या या नेहमीच्या बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो. तो का नसतो, हे समजून घ्यायला दोन संध्याकाळी, सहा पेले आणि मामींचं नाक लागलं. मामींनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. पण मसाल्यातली एक लवंग जास्त भाजली गेली तर त्यांना बाहेरच्या ओटीवर कळतं.

सत्त्व

"आधी माल्ट म्हणजे काय ता सांग," मामी म्हणाल्या. मामी वेंगुर्ल्याच्या. मडगावात पन्नास वर्षं काढली, पण मालवणी सुटली नाही.

मी सांगू लागले. सातू भिजत घालायचं, त्याला मोड आणायचे, मोड आले की सुकवायचं, भरडायचं. दाण्यातला स्टार्च म्हणजे पुढच्या रोपासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. ती शिदोरीची गाठ सोडतात आणि स्टार्चची साखर व्हायची वाट मोकळी होते. नेमक्या त्या वेळी दाणा सुकवला की कोंब थांबतो आणि विकरं तशीच राहतात.

"मगे ह्या सत्त्वच ना? आमी नाचण्याचा करतंव, ते सातूचा करतत."

माल्टची याहून चांगली व्याख्या मी कुठे ऐकलेली नाही. नाचणीचं सत्त्व आणि व्हिस्कीचं माल्ट यांचा पहिला अर्धा प्रवास एकच आहे. सत्त्वाची पेज होऊन ती बाळाच्या वाटीत जाते. माल्टवर गरम पाणी ओततात, गोड रस काढतात, त्यात यीस्ट घालून दोन-तीन दिवस आंबवतात. बिअरसारखं सात-आठ टक्क्यांचं पाणी तयार झालं की तांब्याच्या मोठ्या भांड्यात ते दोनदा गाळतात. धान्य फक्त माल्ट केलेलं सातू, गाळायला अशी भांडी आणि सगळं काम एकाच भट्टीत, असं असलं तर ती सिंगल माल्ट.

गोव्याच्या माणसाला यातलं गाळणं नवं नाही. काजूच्या हंगामात इथे गावोगाव भाटी पेटतात. बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. काजूच्या रसात साखर आयतीच असते, म्हणून मोड आणायचा खटाटोप नाही. धान्यात ती दडलेली असते, म्हणून सत्त्व काढावं लागतं. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. मामा अजूनही रोज संध्याकाळी दोन बोटं फेणी घेतात आणि तिचं वय कधी विचारत नाहीत. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "फेणीचं गाव विचारायचं असतं."

हे वाक्य मी वहीत टिपून ठेवलं.

मळी आणि माल्ट

महाराष्ट्रात साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला मळी ओळखीची असते. उसाच्या रसातून साखर काढून झाल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारी बरीचशी दारू या मळीच्या अल्कोहोलवर उभी आहे. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तिकडच्या कायद्यात व्हिस्की धान्याचीच असावी लागते आणि लाकडात किमान तीन वर्षं राहिलेली असावी लागते. मळीपासून होते ती रम, असा तिकडचा हिशोब.

म्हणून भारतीय सिंगल माल्टची गोष्ट सुरू होताना लोक हसले होते. 24 ऑगस्ट 2004 रोजी बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने आपली सिंगल माल्ट बाजारात आणली ती थेट ग्लासगोत. घराण्याचं आडनाव जगदाळे, कंपनी 1948ची. स्कॉटलंडमध्ये जाऊन स्कॉटिश माणसाला भारतीय व्हिस्की विकायची, हे धाडस पुढे फळलं. 2010च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या ब्रिटिश समीक्षकाने अमृतच्या फ्यूजनला जगात तिसरं स्थान दिलं आणि हसणं थांबलं.

जॉन डिस्टिलरीजही बंगळूरचीच. तिचं पोट भरतं ते ओरिजिनल चॉइस या स्वस्त, प्रचंड खपाच्या ब्रँडवर. पण कंपनीचे संस्थापक पॉल पी. जॉन यांनी गोव्यात तांब्याची भांडी बसवली आणि 2012 साली स्वतःच्या नावाची सिंगल माल्ट लंडनमध्ये उतरवली. मायकेल डिसूझा हे तिचे मास्टर डिस्टिलर. 2021च्या व्हिस्की बायबलमध्ये त्यांच्या मिथुना या बाटलीला तिसरं स्थान मिळालं. त्यानंतर दोन वर्षांनी हरियाणातल्या इंद्रीची दिवाळी आवृत्ती अमेरिकेतल्या एका स्पर्धेत सर्वोत्तम ठरली. दिवाळी अंक वाचणाऱ्यांना ही बातमी आपलीच वाटायला हरकत नाही.

एवढं होऊनही मडगावहून पाळोळ्याच्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांना वाटेत हे सगळं घडतं याचा पत्ता नसतो. माझ्या मामांनाही नव्हता.

पहिली संध्याकाळ: एकाच घरातल्या तिघी

चव घेणं म्हणजे तुलना करणं. एकटी व्हिस्की प्यायली की ती फक्त 'बरी' किंवा 'कडक' असते. तिच्या शेजारी दुसरी ठेवली की दोघी बोलू लागतात. आणि तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारं तेच राहावं. भट्टी तीच, सातू तेच, हवा तीच. म्हणून एकाच डिस्टिलरीच्या बाटल्या.

पहिल्या दिवशी तीन घेतल्या, ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. तिन्हींची ताकद एकच, 46 टक्के. फरक धुराचा. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा, बोल्डमध्ये पूर्ण. प्रत्येकी पंधरा मिली, म्हणजे आपल्या छोट्या पेगच्या निम्मं. पेले खाली फुगीर आणि वर निमुळते, म्हणजे वास पळत नाही. बर्फ नाही, सोडा नाही. मामांना हा उघड अन्याय वाटला.

मामींना मी म्हटलं, "तुम्ही नुसता वास घ्या. वासाला परवाना लागत नाही." दारू प्यायला परवाना मागणारा कायदा महाराष्ट्रातला, गोव्यात तसाही नाही. पण वेंगुर्ल्याच्या मामींना विनोद कळला.

ब्रिलियन्स. रंग उन्हात धरलेल्या मधासारखा. इथे रंगासाठी बाहेरून काही घालत नाहीत, जे आहे ते पिंपाचं. पहिला वास धान्याचा, ताज्या लाह्यांचा. मग खडीसाखर, मग अगदी मागे दालचिनी. जिभेवर ती स्निग्ध लागते, जराशी तेलकट. याचं कारण सातूत आहे. स्कॉटलंडमध्ये बहुतेक दोन ओळींचं सातू वापरतात, म्हणजे कणसात दाण्यांच्या दोन रांगा. इथे उत्तर भारतातून येतं ते सहा ओळींचं. त्यात टरफल आणि प्रथिनं जास्त, स्टार्च कमी. एक टन धान्यामागे अल्कोहोल कमी निघतं, हिशोबनिसाच्या दृष्टीने तोटाच. पण तोच तोटा जिभेवर जाड होऊन येतो.

मामींनी पेला धरला, डोळे मिटले. "सातूच्या पिठात गूळ घातलेलो."

इंग्रजी पुस्तकांत अशा व्हिस्कीला ख्रिसमसच्या केकचा, हेदरच्या फुलांचा, ओट बिस्किटाचा वास असतो. मी हेदरचं फूल आयुष्यात हुंगलेलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बागेतले वास पाठ केल्यासारखे लिहीत होते, हे मामींच्या एका वाक्याने लक्षात आलं.

एडिटेड. इथे गंमत सुरू होते. तोच मध, तीच लाही, पण मागच्या खोलीत कुणीतरी काहीतरी जाळलंय. कॉफीची कडसर सावली आणि पुदिन्यासारखा गारवा. मामी म्हणाल्या, "देवघरात धूप घालून दोन तास झाल्यावर येता तसो." मी हे खोडायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

बोल्ड. मामांनी घोट घेतला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "आयला!"

मी हसत सुटले. कारण हा धूर ज्या पीटचा आहे ते स्कॉटलंडच्या ज्या बेटावरून येतं त्या बेटाचं नाव उच्चारायचं असतं 'आयला'. मामांनी न चुकता मूळ सांगितलं होतं.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेली झाडंझुडपं. त्याच्या विटा कापून वाळवायच्या आणि जाळायच्या. मोड आलेलं सातू या धुरावर सुकवलं की धुरातली फिनॉल दाण्याला चिकटतात आणि आंबवणं, गाळणं, पिंपात मुरणं या सगळ्यांतून टिकून पेल्यापर्यंत येतात. लाकूडफाटा नसलेल्या बेटावर जळण म्हणून जे होतं ते वापरलं, त्याची पुढे चव झाली. कोकणात आंब्याची, काजूची लाकडं होती. पीट कधी लागलं नाही, म्हणून ते बाहेरून आणावं लागतं. कुंकळ्ळीच्या व्हिस्कीतला धूर पाहुणा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मामींनी मात्र पाहुण्याला घरात घेतलं. "ह्या काय गो? चुलीतलो धूर बाटलेत भरल्यानी?" मग पुन्हा हुंगून, सावकाश, "नाय. निखाऱ्यार भाजलेलो सुको बांगडो."

अगदी तोच. धूर, खारटपणा, किंचित दवाखान्यातल्या आयोडिनसारखं काहीतरी, आणि सगळ्याच्या खाली, बांगड्याबरोबरच्या पेजेसारखा, तोच सौम्य गोडवा जो पहिल्या पेल्यात एकटा होता. तीन पेले एका ओळीत घेतले नसते तर धुरामागची ती पेज मला सापडली नसती.

मामांचा निकाल मात्र ठाम होता. "पहिली बरी. तिसरी होळीला द्यावी. आणि किती वर्षांची ते अजून कळलेलं नाही."

कुंकळ्ळीचं ऊन

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाने गाडी काढली. नावेली, चिंचिणी, मग कुंकळ्ळी. हे गाव इतिहासात आहे ते 1583 सालच्या उठावामुळे. देवळं पाडणाऱ्या पोर्तुगीज सत्तेविरुद्ध इथले गावकर उठले आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली. गावची देवी तेव्हा फातर्प्याला गेली. आजही छत्र्यांच्या उत्सवात ती वाजतगाजत कुंकळ्ळीला येऊन जाते. ज्या गावाने आपलं दैवत आणि आपली जागा इतकी घट्ट धरून ठेवली, त्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत ही भट्टी आहे.

आत शिरताच पहिला वास आला तो पेजेचा. गरम, गोड, ओलसर. मग आंबवण्याच्या खोलीत केळ्याचा आणि नाकात झोंबणारा वायू. मग तांब्याची भांडी. खाली पोट, वर निमुळती मान. तांबं दिसायला देखणं असतं म्हणून वापरत नाहीत, गाळताना तयार होणारी गंधकाची उग्र संयुगं ते धरून ठेवतं. गाळताना पहिली आणि शेवटची धार बाजूला काढायची आणि मधली घ्यायची. बाहेर येतं ते पाण्यासारखं स्वच्छ. रंग नाही, वय नाही.

वय सुरू होतं गोदामात.

दार उघडलं आणि आम्ही दोघं गप्प झालो. अंधार, ऊब, लाकूड, आणि हवेतच व्हिस्की. पिंपं बहुतेक अमेरिकन ओकची. तिकडच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेली पिंपं मग जगभर जातात आणि त्यातली काही इथे येतात. पिंपाचं लाकूड श्वास घेतं असं म्हणतात, ते खरं तर उष्णतेचं काम आहे. द्रव तापला की फुगून लाकडात शिरतो, निवला की बाहेर येतो आणि येताना लाकडातलं काहीबाही घेऊन येतो. लिग्निनमधून व्हॅनिलाचा वास, ओकच्या लॅक्टोनमधून खोबऱ्याचा, जळलेल्या थरातून कारमेलचा. स्कॉटलंडच्या थंडीत ही ये-जा मंद चालते. गोव्यात पारा वर्षभर तिशीच्या आसपास. इथलं लाकूड विश्रांती घेत नाही.

पण ऊन फुकट काही देत नाही. पिंपातून दर वर्षी काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडमध्ये त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात आणि तो वर्षाला साधारण 2 टक्के असतो. गोव्यात तो 8 ते 10 टक्क्यांच्या घरात जातो. संध्याकाळी मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देवदूत कशाला? देवचाराचा वाटा म्हण." गोव्यात गावाच्या राखणदाराला, देवचाराला, रोट, विडी आणि सोरो ठेवायची रीत आहे. सोरो म्हणजे दारू. राखणदार आपला वाटा घेणारच, आणि कुंकळ्ळीचा देवचार स्कॉटलंडच्या देवदूतांपेक्षा चौपट-पाचपट पितो.

मग बँकेतल्या माणसाने कागद ओढला आणि चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं मांडलं. 200 लिटरचं पिंप. वर्षाला 2 टक्के गेले तर बारा वर्षांनी सुमारे 157 लिटर उरतात. 10 टक्के गेले तर सहा वर्षांनी 106. आणि तेच पिंप बारा वर्षं ठेवलं तर जेमतेम 56. कागदावर 56च्या भोवती वर्तुळ काढून मामा बराच वेळ गप्प बसले.

"म्हणजे बारा वर्षं ठेवायची म्हटलं तर मुद्दलच बुडतं."

बुडतं. आणि उरतं त्यात लाकडाचाच कडूपणा फार उतरलेला असण्याची भीती. म्हणून इथल्या नेहमीच्या बाटल्या साधारण पाच-सात वर्षांत पिंपाबाहेर काढतात आणि त्यांच्यावर आकडा लिहीत नाहीत. लिहिला तर दुकानात 12च्या शेजारी 6 दिसेल आणि पाहणारा मामांसारखंच नाक मुरडेल.

दमट हवेचा आणखी एक खेळ असतो. हवेत आधीच पाणी भरलेलं असलं की पिंपातलं पाणी उडायला नाखूष असतं, अल्कोहोल जास्त उडतं. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने घाम. या भट्टीत काही पिंपं जमिनीखालच्या तळघरातही ठेवतात. तिथे जरा गारवा असतो आणि देवचाराचा हात थोडा आखडतो. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपं वर आणि खाली ठेवली तर ती सख्खी भावंडं असूनही वेगळी निघतात.

दुसरी संध्याकाळ: पाण्याचे थेंब

उरलेल्या दोन बाटल्या पिंपातल्या ताकदीच्या जवळपास भरलेल्या. क्लासिक सिलेक्ट कास्क 55.2 टक्के, पीटेड सिलेक्ट कास्क 55.5 टक्के. पहिलीत धूर नाही, दुसरीत आहे. म्हणजे कालच्या ब्रिलियन्स आणि बोल्डच्या थोरल्या बहिणी.

क्लासिकने पहिल्या वासात काहीच दिलं नाही, फक्त नाकात सुई टोचली. चमच्याने पाण्याचे चार थेंब घातले आणि मिनिटभर थांबलो. मग ती उघडली. पिकलेलं केळं, काकवी, व्हॅनिला, आणि भरपूर खोबरं. मामी एकदम सरळ बसल्या. "पातोळ्ये!"

हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या. आत गूळ-खोबरं, बाहेर पानाचा कडवट सुगंध. ओकमधल्या लॅक्टोनने वेंगुर्ल्यातली नागपंचमी आणून टेबलावर ठेवली होती. ब्रिलियन्समध्येही हे खोबरं असणारच, पण काल ते आम्हाला सापडलं नव्हतं. आता मागे जाऊन हुंगलं तर तिथेही होतं, हळू आवाजात.

पीटेडच्या बाबतीत पाण्याने उलटंच आश्चर्य केलं. पाणी घातल्यावर धूर कमी व्हायला हवा ना? तो वाढला. याचं कारण 2017 साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन या दोघांनी संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून दाखवलं. धुराच्या वासाचा एक रेणू, ग्वायकॉल, कडक दारूत अल्कोहोलच्या रेणूंच्या गराड्यात आत दडून राहतो. पाणी घालून ताकद 45 टक्क्यांच्या आसपास आली की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ. मामांनी एवढं ऐकून घेतलं आणि बऱ्याच वर्षांचा हिशोब चुकता केला. "म्हणजे मी पाणी घालून पितो ते शास्त्राला धरून आहे." थेंब आणि अर्धा पेला यांत फरक आहे, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

चवीला पीटेड मला बोल्डपेक्षा आवडली. बोल्डमध्ये धूर पुढे उभा राहून बोलतो, इथे तो गोडव्याच्या खांद्यावर हात टाकून येतो. शेवटी जिभेवर उरते ती जळक्या साखरेची कड आणि मिऱ्याची ऊब, बराच वेळ.

पाठ फिरवून

आता शेवटचा डाव. मामांना पाठ फिरवून बसवलं. मामेभावाने तीन पेले भरले, ब्रिलियन्स, क्लासिक आणि कपाटातली ग्लेनफिडिच. क्लासिकमध्ये पाणी घालून ती ब्रिलियन्सच्या पातळीवर आणली, नाहीतर नुसत्या झणक्याने ओळख पटली असती. मामांनी एवढंच करायचं होतं, तिघींना वयाने लावायचं.

त्यांनी वेळ घेतला. एका हाताने पेला, दुसऱ्या हाताने गुडघ्यावर ताल. मग बोट ठेवलं. "ही थोरली. हिने पावसाळे जास्त पाहिलेत."

क्लासिक.

"ही मधली." ब्रिलियन्स.

"आणि ही अजून पोरसवदा आहे. फळांचा वास येतो, नासपतीचा."

ती बारा वर्षांची जावयाची बाटली होती.

हसणं आवरल्यावर मला जरा वाईट वाटलं, कारण डाव पूर्ण सरळ नव्हता. ग्लेनफिडिच 12 ही 40 टक्क्यांची, हलक्या फुलक्या वळणाची व्हिस्की आहे. नासपती हा तिचा दोष नाही, ओळख आहे. आणि मामांची चूकही चूक नव्हती. लाकडाचा रंग, खोबरं, जडपणा यालाच आपण वय म्हणतो, आणि ते कुंकळ्ळीच्या उन्हाने निम्म्या काळात दिलं. त्यांनी पावसाळे मोजले, वर्षं नाही. कुंकळ्ळीचा एक पावसाळा स्कॉटलंडच्या वर्षाएवढा नसतो.

मग त्यांनी आपणहून तिसरा पेला पुन्हा उचलला, आता नाव माहीत असताना. एक छोटा घोट, बराच वेळ तोंडात.

"पण हिला घाई नाही," ते म्हणाले.

हेही खरं. ऊन लाकडातून पुष्कळ काही उपसतं, पण पिंपात आणखी एक काम चालतं ज्याला ऊन तितकं ढकलू शकत नाही. हवेतला प्राणवायू आत झिरपतो, आम्लं आणि अल्कोहोल हळूहळू एकमेकांशी जोडली जातात, धारदार कडा झिजतात. त्याला काळच लागतो. क्लासिकमध्ये श्रीमंती आहे, पण तिच्या सांध्यांवर अजून करवतीचा मागमूस आहे. ग्लेनफिडिच बारीक आहे, पण गुळगुळीत. थंडी आणि ऊन वेगवेगळ्या गोष्टी देतात, आणि बाटलीवरचा आकडा त्यांतली एकच मोजतो.

सकाळचे पेले

चव घेणाऱ्यांची एक रीत आहे. रिकामे पेले रात्री धुवायचे नाहीत. अल्कोहोल उडून जातं, आणि जे जड असतं ते काचेला धरून राहतं. सकाळी व्हिस्की नसते, तिचा फक्त गाभा असतो.

मी उठले तेव्हा मामी न्हाणीघराबाहेरच्या मोरीशी पेले घेऊन बसल्या होत्या. धुवायला नेले होते, पण धूत नव्हत्या. एकेक नाकाशी नेत होत्या. पीटेडच्या पेल्यात विझलेल्या चुलीची राख होती. ग्लेनफिडिचच्या पेल्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. क्लासिकचा पेला त्यांनी माझ्याकडे दिला. भाजलेल्या धान्याचा, मधाचा, कोरड्या, स्वच्छ लाकडाचा वास होता, नव्या देव्हाऱ्यासारखा.

"ह्यात सत्त्व रवला," त्या म्हणाल्या आणि नळ सोडला.

बाहेरच्या खोलीत मामांनी काचेचं कपाट उघडलं होतं. क्लासिकची उरलेली बाटली त्यांनी ग्लेनफिडिचच्या शेजारी ठेवली होती आणि खिशातून, बँकेतल्या सवयीने, पांढरी चिठ्ठी आणि पेन काढलं होतं. शेजारच्या बाटलीवर जिथे 12 होतं, त्याच उंचीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. वर काय लिहिलंय ते बघायला मी जवळ गेले.

कुंकळ्ळी.